शेवटचे मिनिट, एक मीटरची लॉबी

७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ. आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत आणि इराण. गुण २८-२८. घड्याळात एक मिनिट आणि वर थोडेसे सेकंद. भारताचा कर्णधार पवन सेहरावत डू ऑर डाय चढाईला गेला. आधीच्या दोन चढाया कोऱ्या गेल्या होत्या, त्यामुळे या चढाईत गुण आणला नाही तर तो बाद. इराणची फळी अंगावर धावून आली आणि कोणाचाही स्पर्श होण्याआधीच पवनचा पाय बाजूच्या लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या एक मीटरच्या पट्ट्यात गेला. त्याच्या पाठोपाठ इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. शिट्टी वाजली आणि सामना सुमारे तासभर बंद पडला.

पंचांनी सुरुवातीला दोन्ही संघांना एक-एक गुण दिला. भारताने हरकत घेतली: पवन बाद हे मान्य, पण चार इराणी बचावपटूही स्पर्शाविना लॉबीत गेले, म्हणून तेही बाद आणि चार गुण आमचे. इराणचे म्हणणे उलटे: चढाईपटू स्पर्शाविना लॉबीत गेला त्या क्षणी चढाई संपली, पुढे कोण कुठे गेले याला अर्थ नाही, एक गुण आमचा आणि तुमचा शून्य. निर्णय फिरला, पुन्हा फिरला. खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसले. दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक पंचांच्या टेबलाभोवती. शेवटी भारताला ३ आणि इराणला १ गुण देऊन खेळ सुरू झाला. ३१-२९ वरून सामना ३३-२९ असा भारताने जिंकला. पुरुष कबड्डीतले भारताचे हे आठवे आशियाई सुवर्ण. २०१८ मध्ये जकार्ताला याच इराणने उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवून भारताची १९९० पासूनची सुवर्णांची रांग तोडली होती, म्हणून या सामन्याला धार होती.

त्यानंतर प्रश्न विचारला गेला तो असा: सुवर्णपदकाच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, पंचांनी पायाच्या एका पावलावरून एवढे काटेकोर व्हावे का? खेळाडूंना खेळू द्यायला नको होते का? आमचे स्पष्ट मत असे, की हांगझोऊत काटेकोरपणा जास्त झाला नाही. काटेकोरपणा कुठल्या नियमाचा, हेच ठरलेले नव्हते. शेवटच्या मिनिटाने फक्त ते उघडे पाडले.

लॉबी नेमकी कधी ‘मैदान’ होते

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. याच रुंदीत दोन्ही बाजूंना कडेला एक-एक मीटर रुंदीचा पट्टा, तीच लॉबी, म्हणजे राखीव क्षेत्र. चढाई सुरू होते तेव्हा लॉबी खेळाच्या बाहेर असते. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की लॉबी मैदानात धरली जाते आणि १० मीटर रुंदीचा सगळा पट्टा खुला होतो. कारण साधे आहे. पकड झाली की पाच-सहा माणसांचा घोळका कडेला ढकलला जातोच. त्या धक्क्यात पाय एक हात बाहेर पडला म्हणून चढाईपटूला बाद देणे किंवा पकड मोडणे अन्यायाचे झाले असते.

म्हणजे लॉबीचा सगळा हिशोब एका गोष्टीवर: आधी स्पर्श की आधी पाय? ज्याला ‘आधी’ म्हणतो ते सेकंदाच्या लहानशा तुकड्यात घडते. दोन पंच मध्यरेषेच्या दोन टोकांना, लॉबीबाहेर समोरासमोर उभे असतात. लॉबीची रेषा त्यांच्या नजरेसमोर लांबट पसरलेली असते. एकट्या चढाईपटूची टाच रेषेपलीकडे टेकली का, हे बघायला याहून चांगली जागा नाही. पण चार जण एकामागे एक त्या रेषेवरून धावले, तर पंचाच्या जवळचे अंग पलीकडच्या तिघांचे पाय झाकते. मातीच्या मैदानावर निदान फक्कीवर पायाचा ठसा उरतो आणि सरपंच, म्हणजे मुख्य पंच, येऊन वाकून बघू शकतो. मॅटवर काहीच उरत नाही.

भारताचा दावा चार गुणांचा आणि मिळाले तीन, यातला फरक कळायला हे चित्र डोळ्यासमोर हवे. चारपैकी कोण खरोखर पलीकडे टेकला आणि कोण रेषेवरच थांबला, हे प्रत्येक पायाचे वेगळे उत्तर आहे. इथे रेषेची रुंदीही महत्त्वाची: रेषा मैदानाचाच भाग धरतात, रेषेवर टेकलेला पाय आतच असतो.

दोन नियम, दोन निकाल

जुन्या पद्धतीत स्पर्शाविना जो कोणी लॉबीत जाईल तो बाद, मग तो चढाईपटू असो की बचावपटू. पवन गेला, पवन बाद. मागोमाग चार गेले, चौघे बाद. प्रो कबड्डीत लागू झालेल्या बदललेल्या नियमात चढाईपटू स्पर्शाविना लॉबीत गेला की तो बाद होतो आणि चढाई तिथेच मृत होते. मागे धावलेल्या बचावपटूंना काही शिक्षा नाही.

बदलामागचा विचार पटण्यासारखा आहे. जुन्या नियमात चढाईपटूला एक वाट मोकळी राहते: स्वतः मुद्दाम लॉबीत उडी मारायची, पकडीच्या नादात तीन-चार जणांना ओढून न्यायचे, एक द्यायचा आणि चार घ्यायचे. पण जुन्या नियमामागेही तर्क होता. कबड्डीत पाय सांभाळणे ही दोन्ही बाजूंची जबाबदारी. कोपऱ्यावरचा बचावपटू रेषेचे भान ठेवायलाच शिकलेला असतो. कोणता नियम चांगला यावर वाद होऊ शकतो, पण एका सामन्यात दोन्ही चालू शकत नाहीत.

हांगझोऊत अडचण इथेच होती. दोन्ही संघांतले बरेचसे खेळाडू प्रो कबड्डी खेळणारे. इराणचा कर्णधार फजल अत्राचली यू मुंबा आणि पुणेरी पलटणकडून खेळलेला. भारतीय संघातले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हेही तेव्हा पुणेरी पलटणचे. या खेळाडूंच्या अंगवळणी बदललेला नियम पडला होता. चढाईपटू लॉबीत गेला की तो गेला, म्हणून त्याच्या मागे लॉबीत पाऊल टाकताना बचावपटूला धोका जाणवत नाही. आणि अंतिम निकाल तर जुन्या नियमाच्या अंगाने लागला. ३-१ हा आकडा बदललेल्या नियमात बसतच नाही. सुरुवातीचा १-१ हाही त्यात बसत नाही. जुन्या नियमात तो बसतो, पण पंचांनी एकच बचावपटू लॉबीत गेलेला पाहिला असेल तरच. म्हणजे एकाच चढाईसाठी नियमही वेगळे वापरले गेले आणि पायांची मोजणीही बदलत गेली.

आकडे मांडून पाहू

काटेकोरपणाची किंमत भावनेत नाही, गुणफलकात मोजावी. चढाईआधी २८-२८. पुढची चढाई इराणची. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. उरलेल्या वेळात पूर्ण चढाया दोन, आणि वेळ संपण्याआधी सुरू झालेली शेवटची चढाई पूर्ण करू देतात, म्हणून फार तर तिसरी.

बदललेला नियम लावला तर २८-२९, इराण एकने पुढे. मग इराणचा चढाईपटू शांतपणे निदान रेषा (चढाई वैध ठरायला ओलांडावीच लागणारी रेषा) ओलांडतो, जवळजवळ ३० सेकंद काढतो आणि परत येतो. कोरी चढाई त्याला चालते. भारताला गुण आणायला जेमतेम एक चढाई.

१-१ धरले तर २९-२९. पुढच्या चढाईत चूक करील तो हरेल.

३-१ दिले तर ३१-२९. आता कोरी चढाई इराणला परवडत नाही. त्याचा चढाईपटू खोलवर जाणारच, दोन गुणांच्या मागे. भारताला फक्त थांबायचे आहे, आणि खोल गेलेल्या घाईच्या चढाईपटूची पकड सोपी असते.

चार दिले असते तर ३२-२९, आणि सामना जवळपास तिथेच आटोपला असता.

कबड्डीत गुणासोबत माणूसही फिरतो, हे बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. समोरचा खेळाडू बाद होऊन मिळालेल्या प्रत्येक गुणाला आपला एक बाद खेळाडू आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. ३-१ या निर्णयाने इराणचे तिघे बाहेर बसले, त्यांचा एक आत आला, पवन बाहेर गेला आणि भारताचे बाहेर असलेले खेळाडू क्रमाने आत येऊ शकले. निर्णय फिरला की नुसता आकडा खोडून चालत नाही. मॅटवरची सगळी माणसे मागे फिरवावी लागतात. तासभर गेला त्यातला काही वेळ अशा कामात जाणे अटळच असते.

‘खेळू द्या’ म्हणजे कोणाला खेळू द्या

शेवटच्या क्षणी पंचाने शिट्टी गिळावी, निकाल खेळाडूंनी लावावा, हा विचार ऐकायला उदार वाटतो. त्यात एक गृहीत दडलेले आहे: शिट्टी न वाजवणे म्हणजे काहीच न करणे. तसे नसते. पवन लॉबीत गेला हे दिसत असताना पंचांनी चढाई चालू ठेवली असती, तर ते भारताला दिलेले दान ठरले असते. मागच्या बचावपटूंकडे नियम असूनही कानाडोळा केला असता, तर ते इराणला दिलेले दान. दोन्हीकडे पंचाने निकालात हात घातलाच असता, फक्त तो कोणाला दिसला नसता.

वेळेच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसते. आघाडीवरच्या संघाला दुसऱ्या डावाच्या अठराव्या मिनिटापासून एकच हवे असते, घड्याळ पळावे. मग बुटाची नाडी सुटते, मॅट पुसायला कोणी तरी वाकते, पकडीत पडलेला खेळाडू उठायला वेळ लावतो, पुढचा चढाईपटू मध्यरेषेपर्यंत रमतगमत येतो. पाचव्या मिनिटाला यात दहा सेकंद गेले तर कोणाचे फारसे बिघडत नाही. एकोणचाळिसाव्या मिनिटाला तेच दहा सेकंद म्हणजे पिछाडीवरच्या संघाच्या एका चढाईचा तिसरा भाग. म्हणून वेळकाढूपणाबाबत शेवटी हात सैल सोडणे हा पिछाडीवरच्या संघावर उघड अन्याय आहे. खरे तर इथेच घड्याळ थांबवण्याची तत्परता वाढायला हवी. नियम तोच, पण सेकंदाची किंमत वाढली आहे.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते, आणि स्थानिक स्पर्धांत ती जास्त दिसते. ३५ मिनिटे बोनस गुणासाठी बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय उचलला की नाही हे कोणी नीट बघत नाही, ‘गेला, गेला’ म्हणत गुण दिला जातो. शेवटच्या दोन मिनिटांत सरपंच अचानक डोळे वटारतो आणि तसाच बोनस नाकारतो. त्या चढाईपटूने सामनाभर जे केले तेच केले. नियमाच्या पुस्तकात पंच बरोबर, आणि तरी खेळाडूची फसवणूक झाली. तेव्हा आमचा आग्रह काटेकोरपणा शेवटच्या मिनिटात आणण्याचा नाही. पहिल्या चढाईला जी रेषा ओढली ती शेवटच्या चढाईलाही त्याच जागी असावी.

सौम्यतेला जागा जरूर आहे, पण ती गुणांशी न जोडलेल्या गोष्टींत. राखीव खेळाडू आनंदाने उठून दोन पावले पुढे आला, प्रशिक्षक आपल्या जागेतून ओरडला, जर्सी बाहेर आली. अशा वेळी हाक मारून जागेवर बसवावे, फार तर ताकिदीचे हिरवे कार्ड दाखवावे. दोन मिनिटे बाहेर बसवणारे पिवळे कार्ड अशा कारणासाठी शेवटच्या मिनिटात दाखवले तर उरलेला सगळा सामना तो संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. शिक्षा तीच, पण भार कितीतरी जास्त.

लॉर्ड्स आठवून पाहा

क्रिकेटमधले एक उदाहरण इथे उलट्या बाजूने उपयोगी पडते. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. शेवटचे षटक, इंग्लंडला ३ चेंडूंत ९ धावा हव्या. दुसऱ्या धावेसाठी सूर मारलेल्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून चेंडू सीमापार गेला. पंचांनी सहा धावा दिल्या. पण फेक झाली त्या क्षणी दुसऱ्या धावेसाठी दोन्ही फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेले नव्हते. नियमाप्रमाणे धावा पाचच होत होत्या आणि पुढचा चेंडू आदिल रशीदने खेळायला हवा होता. २ चेंडूंत ३ ऐवजी ४, आणि समोर स्टोक्स नाही.

लॉर्ड्सवर नियम लख्ख होता. ज्या क्षणी बघायचे त्या क्षणाकडे नजर नव्हती. हांगझोऊत चढाई कॅमेऱ्यात टिपलेली होती, पुन्हा पुन्हा बघता येत होती. नियमावर एकमत नव्हते. दोन्हीकडे पंच कठोर होते की मऊ, याचा काही संबंध नाही.

आपल्या स्पर्धांत हे कसे टाळायचे

गावच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत टीव्ही पंच नसतो. म्हणून तयारी आधीच हवी. महाराष्ट्रात आता तोच खेळाडू एका आठवड्यात मातीवर, मॅटवर, वजनगटात आणि खुल्या गटात खेळतो आणि टीव्हीवर प्रो कबड्डी बघून नियम शिकतो. त्याच्या डोक्यात दोन पुस्तके असतात.

स्पर्धेआधी संघव्यवस्थापकांची जी सभा होते तिच्यात कबड्डीचे सगळे नियम वाचायची गरज नाही. जे नियम दोन ठिकाणी वेगळे आहेत तेवढे कागदावर लिहावेत आणि खाली प्रत्येक कर्णधाराची सही घ्यावी. लॉबीचा प्रश्न सगळ्यात वर: चढाईपटू स्पर्शाविना लॉबीत गेला आणि मागे बचावपटू गेले, तर गुण कसे? उत्तर आकड्यात लिहावे, ‘एक गेला, मागे तीन गेले, गुण इतके-इतके’ असे. शब्दात लिहिलेला नियम दोन अर्थांनी वाचता येतो, आकडा नाही. त्यानंतर तिसऱ्या, म्हणजे डू ऑर डाय चढाईची मोजणी मध्यंतरानंतर पुढे चालू राहणार की नव्याने, बरोबरी झाल्यास पाच-पाच चढाया कधी, एवढे दोन-तीन मुद्दे पुरतात.

शेवटची पाच मिनिटे उरली की दर मिनिटाला उरलेला वेळ मोठ्याने जाहीर करावा. अनेक ठिकाणी हे विसरले जाते आणि मग ‘आम्हाला वाटलं अजून दोन चढाया आहेत’ हा वाद होतो. याच टप्प्यात दोन्ही पंचांनी कामाची वाटणी पक्की धरावी. चढाई ज्या बाजूला झुकेल त्या बाजूच्या पंचाने फक्त पाय आणि रेषा बघायची, समोरच्याने फक्त हात आणि स्पर्श. दोघेही चेंगराचेंगरीकडेच बघू लागले की रेषेकडे कोणीच बघत नाही.

आणि वाद झालाच तर पहिली शिट्टी घड्याळासाठी. गुणलेखकाने त्या क्षणीचा वेळ सेकंदासह लिहावा, दोन्ही बाजूंचे मॅटवरचे खेळाडू मोजून त्यांचे जर्सी क्रमांक लिहावेत, बाहेर बसलेल्यांचा क्रम सहायक गुणलेखकाने वाचून दाखवावा. हे होईपर्यंत कोणाशीही नियमावर बोलू नये. एकदा गर्दी मॅटवर आली की कोण आत होता आणि कोण बाहेर, याचा छडा लागत नाही. मग सरपंचाने दोन्ही पंचांना वेगवेगळे विचारावे: तुम्ही कोणाचा पाय पाहिला, स्पर्श पाहिला का, आधी काय? एकासमोर दुसऱ्याला विचारले तर दुसरा पहिल्याचेच म्हणणे पुढे ओढतो. बोलायला प्रत्येक संघाचा कर्णधार एकटा. सभेत सही झालेला कागद हातात घेऊन निर्णय क्रमांकांसह सांगावा: ‘चढाईपटू बाद, बचावात अमुक आणि अमुक क्रमांक बाद, गुण दोन आणि एक.’ नुसते ‘दोन-एक’ म्हटले तर दुसऱ्या क्षणाला विचारणा येते, कोण दोन?

निर्णय दिला की गुणफलक बदलण्याआधी माणसे जागेवर बसवावीत. बाद झालेले बाहेर, क्रमाने आलेले आत, दोन्ही कर्णधारांकडून संख्या कबूल करून घ्यावी. मग उरलेला वेळ जाहीर करावा, पुढची चढाई कोणाची हे सांगावे, त्या संघाची किती कोरी चढाई झाली आहे तेही सांगावे, आणि घड्याळ सुरू करावे.